क्लिंटन स्ट्रीट स्की क्लबचा नवा सभासद

पोटच्या पोरीनं बापाला नोटीस पाठवावी, आणि तीही पोस्टानं, हे एडमंड गोर्स्कीच्या काही केल्या पचनी पडत नव्हतं. मार्लीन त्याच्या घरापासून चार गल्ल्यांवर राहायची. दर मंगळवारी ती त्याच्यासाठी सूप घेऊन यायची. त्या मंगळवारीही आली होती. सूप गरम करून दिलं, कपड्यांच्या घड्या घातल्या, एका शब्दानं काही बोलली नाही. आणि बुधवारी टपालात क्लबच्या छापील कागदावरचं पत्र. 'कै. लॉरेन गोर्स्की यांचे सभासदत्व नियमानुसार संपुष्टात आले आहे. त्यांचा लॉकर वार्षिक सभेच्या दिवसापर्यंत रिकामा करावा, ही विनंती. आपली विश्वासू, मार्लीन गोर्स्की, अध्यक्ष.'

"आपली विश्वासू," वार्षिक सभेच्या दिवशी गाडीत बसल्यापासून तिसऱ्यांदा तो म्हणाला.

"सगळ्यांना हाच मजकूर जातो, बाबा."

"सगळ्यांना तू सूप नेऊन देत नाहीस."

मार्लीननं गाडी हमरस्त्यावरून डोंगराच्या रस्त्याला वळवली. बफेलो शहर तासाभराच्या अंतरावर मागे राहिलं होतं. दोन्ही अंगांना मेपलची झाडं लालभडक झाली होती. वळण संपल्यावर ती म्हणाली, "त्या मंगळवारी तोंडानं सांगायलाच आले होते. तू सूप पीत होतास. नाही जमलं."

एडमंडनं काच थोडी खाली केली. तो खिडकीतून बाहेर पाहत राहिला.

त्याच्या बायकोला, लॉरेनला, जाऊन सात महिने झाले होते. मार्च महिन्यात, रविवारच्या प्रार्थनेहून परतल्यावर, कोट काढता काढताच ती गेली. तिच्या वडिलांनी, म्हणजे बेकरीवाल्या स्टॅनली कुझ्नियारनं, अकरा कारखाना-कामगारांना जमवून हा क्लब काढला तेव्हा ती सतरा वर्षांची होती. तेव्हापासून हिवाळ्यातला एकही शनिवार तिनं चुकवला नव्हता. एडमंडनं मात्र लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं की पैसे देऊन डोंगरावरून घसरायचं, आणि खाली पोचलं की पुन्हा पैसे देऊन वर जायचं, हा धंदा त्याला जमणार नाही. ती शनिवारी पहाटे निघायची, तो दूरदर्शन संचापुढे पाय पसरून बसायचा, आणि रविवारी ती लाल गालांनी घरी आली की दोघांनाही एकमेकांना पाहून बरं वाटायचं. बेचाळीस वर्षांचा संसार असाच झाला. आता येणाऱ्या हिवाळ्यातले शनिवार कसे जाणार याचा विचार तो करत नव्हता. म्हणजे रोज थोडा थोडा करत होता.

क्लबच्या लॉजवर, डोंगरातल्या मुक्कामाच्या घरी, पोचले तेव्हा अंगणात दहाबारा माणसं लाकडं फोडून रचत होती. कोणी शिडीवर चढून धुराडं साफ करत होतं. स्वयंपाकघरात रीटा उकडलेल्या कोबीच्या पानांत खिमा आणि भात गुंडाळून गवुम्पकी वळत बसली होती. रीटा लॉरेनची थोरली बहीण. वय पंचाहत्तर, क्लबची खजिनदार, आणि जिभेला हाड नसलेली.

"आलास?" तिनं मान वर न करता विचारलं. "नोटिशीशिवाय येणारच नव्हतास, मला माहीत होतं."

"म्हणजे ही अक्कल तुझी होती."

"अक्कल नियमांची. सही मार्लीनची. मी फक्त पोस्टाचं तिकीट लावलं. लॉकर मागच्या खोलीत आहे. आणि हात धुवायचे असतील तर गार पाण्यानं धू. गरम पाणी सकाळपासून बंद आहे."

एडमंडनं कान टवकारले. तो आयुष्यभर पाइप फिटर होता. आधी पोलाद कारखान्यात, आणि तो बंद पडल्यावर एका इस्पितळाच्या बॉयलरखोलीत. गरम पाणी बंद आहे हे ऐकून स्वस्थ बसणं त्याच्या रक्तात नव्हतं. पण तो तळघराच्या जिन्याकडे वळण्याआधीच मुलानं, डॅरिलनं, त्याला दंडाला धरून लाकडांच्या ढिगामागे नेलं. डॅरिल मार्लीनपेक्षा तीन वर्षांनी लहान. मोटारीच्या काचांच्या कारखान्यात होता. एरवी बायको जूली आणि मुलांशिवाय तो लॉजवर यायचा नाही. आज एकटाच आला होता, काखेत कागदांची चळत.

"बाबा, आज मी प्रस्ताव मांडतोय. वार्षिक वर्गणी बंद. जो येईल त्यानं रात्रीचे पैसे द्यावेत, बाहेरच्यांनाही येऊ द्यावं. यायचं तर पैसे, नाही तर नाही. हल्ली कोण ऑक्टोबरात वर्षभराचे पैसे मोजून ठेवतं?"

"मी हेच चाळीस वर्षं सांगतोय," एडमंड म्हणाला.

"आईचंच बघ. इतकी वर्षं भरत राहिली. शेवटी हातात काय आलं? एक लॉकर, तोही परत मागतायत."

"बरोबर आहे."

"तू कॉफी पिताना चार जणांशी बोल. जुनी माणसं तुला मानतात."

एडमंडनं मान डोलावली. मुलानं आपली बाजू घ्यावी, किंवा आपण मुलाची घ्यावी, असं या घरात फार दिवसांत घडलं नव्हतं, त्यामुळे त्याला थोडं चढल्यासारखंही झालं. तेवढ्यात मागून मार्लीनचा आवाज आला.

"कारस्थान झालं असेल तर जळण आत न्या."

"कारस्थान कसलं, प्रस्ताव आहे," डॅरिल म्हणाला. "रीतसर आठवडाभर आधी दिलाय."

"दिलायस ना. बहिणीला फोन न करता खजिनदाराच्या पेटीत टाकून."

"तू बाबाला पोस्टानं कळवतेस, मी तुला पेटीतून कळवलं. आपल्या घराची रीतच आहे."

मार्लीनच्या ओठांच्या कडेला हसू आलं होतं, पण तिनं ते गिळलं आणि लाकडांची मोळी भावाच्या हातात दिली.

एडमंड तळघरात गेला. बॉयलर जुना होता, पण निगा चांगली होती. त्यानं विजेरी पाइपांवरून फिरवली आणि एका जोडापाशी थांबला. जोड घट्ट होता, सूत नीट गुंडाळलेलं होतं, पण पान्याचे ओरखडे मात्र उलट्या बाजूला, डाव्या हातानं आवळल्यासारखे. इतक्यात जिन्यावरून रीटा कॉफीचे दोन मग घेऊन उतरली.

"हात लावू नकोस. विमा फक्त सभासदांचा आहे."

"हे काम कोणी केलंय?"

"तुझ्या बायकोनं. घरी तू करत असायचास ते बघून शिकली."

लॉरेन डावखुरी होती. एडमंड त्या जोडाकडे बघत राहिला. नंतर कॉफीचा मग हातात घेऊन उलट्या बादलीवर बसला.

"डॅरिल चुकीचं बोलत नाही, रीटा," तो म्हणाला. "कारखाना बंद पडला त्या हिवाळ्यात घरात दूध मोजून प्यायचो आम्ही. त्या वर्षीसुद्धा हिनं वर्गणी भरली. मी तेव्हा काही बोललो नाही."

"बोललास. आठवडाभर बोलत होतास. दोन दिवस ती माझ्याकडे राहायला आली होती."

"असेल. पण घर चाललं ते युनियनमुळे. दर शुक्रवारी पायरीवर पेटी यायची. बटाटे, पीठ, आणि नाताळात डुकराच्या मांसाचं ते हॅम. तसं हॅम मी पुन्हा खाल्लं नाही."

रीटानं कॉफीचा घोट घेतला. काहीतरी बोलावं की बोलू नये, असा क्षणभर तिचा चेहरा झाला. तो तिला फार वेळ शोभत नसे.

"एडमंड, पेटी ठेवताना कधी कोणाला पाहिलंस?"

"पहाटे यायची."

"त्या वर्षी युनियनकडे स्वतःच्या कचेरीचं भाडं द्यायला पैसे नव्हते. ते हॅम आपलं होतं. क्लबचं."

एडमंडनं मग खाली ठेवला.

"एकसष्ट सभासद होते," रीटा म्हणाली. "त्यांतले अडतीस बेकार. आमच्या बाबांनी सभा घेतली, इथेच, वरती. ज्यांना काम होतं त्यांनी पूर्ण वर्गणी भरली. ज्यांना नव्हतं त्यांनी जमेल तेवढी, आणि बाकीचं हातानं. छप्पर त्याच हिवाळ्यात नवं झालं. इथला नफा कोणाला खिशात घालता येत नाही, त्यामुळे चार पैसे उरले की ते कुठेतरी द्यावेच लागतात. त्या वर्षी कुठे द्यायचे हे कोणाला विचारावं लागलं नाही. लॉरेनला सांगितलं की तू काही भरू नकोस. ती म्हणाली, भरणार नसेन तर पेटी घेणार नाही. लोकांची घरं झाडून तिनं पैसे आणले."

"आणि मला युनियन सांगितलं."

"स्की क्लबचं हॅम तू खाल्लं असतंस?"

त्यानं मान वर केली. वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते.

"अठ्ठावीस नाताळ," तो म्हणाला. "अठ्ठावीस नाताळ मी जेवणाच्या टेबलावर युनियनच्या हॅमचं भाषण करतोय."

"आम्ही ऐकतोय ना. लॉरेन टेबलाखालून माझा पाय दाबायची, मी हसू नये म्हणून."

एडमंडच्या छातीतून आधी खोकल्यासारखं काहीतरी निघालं. ते हसू आहे हे रीटाला कळलं तेव्हा तीही हसायला लागली, आणि दोघं त्या तळघरात डोळे पुसेपर्यंत हसत बसली. डोळे पुसायला दोघांनाही जरा जास्त वेळ लागला.

सभेला पस्तीस माणसं होती. एडमंडला मागच्या बाकावर बसायची मुभा मिळाली. डॅरिल उभा राहिला आणि चांगलं बोलला. सभासद दरवर्षी कमी होतायत हे त्यानं कागदावरून वाचून दाखवलं. तरुण माणसं स्वतःला बांधून घ्यायला तयार नाहीत. वापरेल त्यानं द्यावं, यात अन्याय काय?

मार्लीन उत्तराला उभी राहिली. "पाहुणे जानेवारीत येतील, तेही बर्फ बरं पडलं तर. आपलं छप्पर ऑगस्टमध्ये गळतं. चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीपर्यंत डोंगरावर गवत होतं, आठवतंय ना? त्या वर्षी रात्रीच्या भाड्यावर असतो तर लॉजला कुलूप लागलं असतं. बर्फ पडेल की नाही हे माहीत नसताना जो पैसे देतो त्याच्या जोरावर ही जागा उभी आहे. आणि गुरुवारच्या बसनं शाळेची मुलं आपल्याकडे स्कीइंग शिकायला येतात, ती कुठले पैसे घेऊन येतात?"

"पण ज्याला एकदम देणं परवडत नाही त्यानं काय करायचं?" डॅरिल म्हणाला. "लोकांना अडचणी असतात. दुसऱ्यांच्या, म्हणजे, मी इतरांबद्दल बोलतोय. कोणाकडे काय परिस्थिती असते आपल्याला माहीत नसतं. उगाच मोठेपणाच्या गोष्टी करायच्या आणि..."

त्याचा आवाज एकदम चढला आणि तितकाच एकदम खाली आला. खोलीत कोणाला त्याचं काही वाटलं नाही. एडमंडला मात्र वाटलं. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. बेकारीच्या त्या हिवाळ्यात, स्वयंपाकघरात उभं राहून, तो स्वतः याच आवाजात लॉरेनला स्कीइंग हे श्रीमंतांचं खूळ आहे असं सांगत असे. तेव्हा त्याला स्कीइंगबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं.

त्यानं हात वर केला.

"सभासद नसलेल्यांना बोलता येत नाही, बाबा," मार्लीन म्हणाली.

"मग त्याला सभासद करून घ्या," डॅरिल झटकन म्हणाला. एक मत वाढेल, हा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. "मी नाव सुचवतो."

"माझं अनुमोदन," रीटा म्हणाली.

मार्लीननं मावशीकडे संशयानं पाहिलं. मावशी आणि डॅरिल यांनी आजवर एका बाजूनं मत दिल्याचं तिला आठवत नव्हतं. पण नियमात बसत होतं. तिनं अर्ज पुढे केला. स्कीइंग येतं का, या प्रश्नापुढे एडमंडनं 'नाही' लिहिलं. क्लबसाठी काय करू शकाल, यापुढे 'पाइप' लिहिलं. मग रकमेच्या रकान्यापाशी त्याचं बोट थांबलं.

"इथे ज्येष्ठांना सवलत लिहिलीय."

"पंचवीस वर्षं सभासद असलेल्या ज्येष्ठांना," मार्लीन म्हणाली.

"मी सत्तरचा आहे."

"पंच्याण्णवाला ये, देऊ."

खोली हसली. एडमंडनं खिशातून चेकबुक काढलं. चेकवर अजून दोन नावं छापलेली होती, एडमंड आणि लॉरेन गोर्स्की. त्यानं सावकाश पूर्ण रक्कम लिहिली आणि सही केली. रीटानं चेक घेतला, पाहिला, आणि सांभाळून पेटीत ठेवला. हात वर झाले. एकही विरोध नव्हता.

"आता बोल," मार्लीन म्हणाली.

एडमंड उभा राहिला. भाषण त्याला फक्त हॅमचं येत होतं, म्हणून त्यानं तिथूनच सुरुवात केली. आपल्या घरी दर शुक्रवारी पेटी यायची आणि आपण कोणाचे आभार मानत होतो, हे त्यानं सांगितलं. म्हातारी माणसं माना खाली घालून हसत होती. त्यांच्यापैकी तिघांनी त्या पेट्या उचललेल्या होत्या. मार्लीन हसत नव्हती. ती बारा वर्षांची असताना त्याच पेटीतलं पीठ तिनं मळलेलं होतं.

"तेव्हा वर्गणी बंद करू नका," एडमंड म्हणाला. "पण त्या वेळी एक नियम होता, असं मला आज कळलं. पैसे कमी असतील त्यानं उरलेलं हातानं भरायचं. त्याचं काय झालं?"

"नियम आहे," रीटा म्हणाली. "कोणी मागत नाही."

"का मागत नाही?"

"मागावं लागतं म्हणून."

"मग अर्जावर छापा. पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात, दोन रकाने. पैसे एवढे, काम एवढं. माणसानं आकडा घालायचा आणि खजिनदाराच्या पेटीत टाकायचं. कोणी कारण विचारायचं नाही. काम खोटं नसतं इथे, मी आत्ताच तळघर पाहून आलोय. त्या बॉयलरला निदान तीन माणसांचे शनिवार लागणार आहेत."

तो डॅरिलकडे बघून बोलला नाही. मुद्दाम खिडकीकडे बघून बोलला. डॅरिल आपल्या कागदांच्या कडा जुळवत बसला होता, जुळलेल्या असूनही.

मतदान झालं. वर्गणी बंद करण्याच्या बाजूनं अकरा हात. मार्लीननं ते दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा तिचा विश्वास बसला नाही. स्वतःच्या प्रस्तावाला डॅरिलचाच हात वर नव्हता. दोन रकान्यांचा प्रस्ताव त्यानंच उभं राहून रीतसर मांडला आणि तो सगळ्यांनी उचलून धरला.

सभा संपल्यावर एडमंड मार्लीनपाशी गेला. "आता मी सभासद. म्हणजे लॉकर आमच्याकडेच राहिला."

"लॉकरसाठी चौदा जण रांगेत आहेत, बाबा."

"तू बापाला रांगेत उभं करणार?"

"पंधरावा," ती म्हणाली, आणि मग सगळ्यांसमोर तिनं त्याला मिठी मारली. अध्यक्षांनी असं करावं की नाही याबद्दल नियमांत काही नव्हतं.

लॉकर त्यांनी दोघांनी मिळून रिकामा केला. त्यात दोन जोडी हातमोजे, उन्हाचं मलम आणि अर्धवट विणलेली टोपी निघाली. टोपी कोणासाठी होती ते कळेना. मार्लीननं ती घालून पाहिली, तिला मोठी झाली. एडमंडला बरोबर बसली.

संध्याकाळच्या जेवणाआधी तो पुन्हा तळघरात उतरला, या वेळी विम्यासकट. थोड्या वेळानं डॅरिल खाली आला आणि न सांगता विजेरी धरून उभा राहिला.

"जरा वर धर," एडमंड म्हणाला. "हं. तसं."

पान्याचे दोन फेरे झाले.

"मला आठवड्याचे तीन दिवसच काम दिलंय," डॅरिल म्हणाला. "ऑगस्टपासून. जूलीला माहीत आहे. मुलांना नाही."

"बरं."

"तुला आधीच कळलं होतं?"

"सभेत कळलं. तू माझ्यासारखा बोलत होतास." एडमंडनं पाना काढून पुसला. "मी तेव्हा असाच बोलायचो. आईला ऐकावं लागलं. जूलीला ऐकवत असशील तर बंद कर."

डॅरिलनं मान डोलावली. मग त्यानं विजेरी दुसऱ्या हातात घेतली. "मी पैसे किती लिहू आणि काम किती?"

"ते पेटीला सांग. मी खजिनदार नाही. पण पुढच्या शनिवारी सातला मी निघतोय, आणि मला गाडीत एकट्याला झोप येते."

"सातला?"

"साडेसहाला ये. कॉफी करतो."

त्यानं झडप उघडली. पाइपात आधी खडखड झाली, मग सूं सूं आवाज आला, आणि वर स्वयंपाकघरात कोणीतरी 'आलं, आलं' म्हणालं. एडमंड कान देऊन ऐकत होता. डॅरिलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

जेवणं झाली. एडमंडनं कोबीचे सहा रोल खाल्ले, राय ब्रेडनं ताटली पुसून घेतली आणि खुर्चीत मागे रेलला. इतकी माणसं एका टेबलाशी बसून एकाच वेळी बोलतायत असं त्यानं मार्च महिन्यानंतर ऐकलं नव्हतं. तेवढ्यात रीटानं त्याच्या मांडीवर ॲप्रन आणून टाकला.

"हे काय?"

"नवा सभासद पहिलं वर्ष भांडी घासतो. पस्तीस ताटल्या आहेत, पातेली वेगळी."

"आत्ताच एवढ्या रकमेचा चेक दिला तुला. पैसे मोजून वर भांडी घासायची?"

"पैसे भरलेस म्हणूनच," रीटा म्हणाली. "पाहुण्यांना आम्ही भांड्याला हात लावू देत नाही."

एडमंडनं तिच्याकडे पाहिलं, टेबलाभोवतीच्या माणसांकडे पाहिलं. कोणीही मध्ये पडायला तयार नव्हतं. त्यानं ॲप्रनच्या नाड्या मागे बांधल्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि गरम पाण्याचा नळ सोडला.